सिरिलच्या फुलांवरचा शब्द

लडलो, इंग्लंड, १२ नोव्हेंबर १९६३, मंगळवार

मिसेस ट्रँटरचा नवरा गेला. सिरिल. पहाटे, झोपेतच. एकोणीस वर्षं ही बाई माझं घर झाडते आहे, आणि सांत्वनाचं पत्र लिहिताना मी तीन कागद फाडले! साधं ‘दुःख’ लिहिलं की फारच उघडं वाटे. शेवटी ‘त्रिस्तेस’ लिहिलं — कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर ओडीलचा फ्रेंच शब्द. ‘मुलींनो, दुःखालासुद्धा हातमोजे घालावेत,’ म्हणायची. तिच्या वर्गातला खडूचा आणि ओल्या लोकरीचा वास अजून नाकात आहे.

१४ नोव्हेंबर

मिसेस ट्रँटर पत्र घेऊन दारात. आत येईना.

‘मिस फेल, हा शब्द काय हो?’

‘दुःखच. फ्रेंच आहे. आपल्या इंग्रजीत चालतो.’

‘छान आहे. फुलांवरच्या कार्डावर लिहू? आमच्यात असलं काही नाही. सिरिल म्हणाला असता, विनी, शहाणी झालीस गं!’ हसली आणि एप्रनने डोळे पुसले.

‘अवश्य लिहा,’ म्हटलं. मला चक्क अभिमान वाटला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दफन झालं. कार्डावर तिचं गोल अक्षर — ‘सिरिलला. त्रिस्तेससह, तुझी विनी.’

नंतर हॉलमध्ये चहा, हॅम सँडविच. डॉक्टरांची बायको हिलरी माझ्या कानाशी लागली : ‘कार्ड पाहिलंस? त्रिस्तेस! आता भांडीसुद्धा फ्रेंचमध्ये घासेल!’

मी हसले. चांगली मोठ्याने! ‘शब्द माझा आहे’ एवढं म्हणायला वेळ होता. तोंडात घास होता — हे कारण देवाला सांगू?

मिसेस ट्रँटर किटलीपाशी पाठमोरी होती. ऐकलं नसावं.

१७ नोव्हेंबर

चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेले. कालचं हसू मनात घेऊन कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठवलं नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

तिचा यायचा दिवस. दार उघडताच सांगायचं ठरवलं — शब्द माझा होता, आणि हसलेही मीच. दोन कप काढून ठेवले. नऊ वाजले. दहा. आली नाही.

सुटल्यासारखं वाटलं! काय ही मी.

१९ नोव्हेंबर

सकाळी दाराच्या फटीतून माझ्या घराची किल्ली पडली. सोबत माझंच पत्र. मागच्या बाजूला पेन्सिलीने —

‘मिस फेल, तुमचा शब्द परत करते आहे. मला वाईट वाटलं.’