कूलरच्या वाऱ्याने आलेला परागकण

प्रिय मॅडम,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं, असू दे. रविवारी तुमची शोकसभा आहे आणि सूर्यफुलाच्या कुळातला सगळ्यात जुना म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या तुमच्या त्या अश्मीभूत परागकणाबद्दल मी बोलावं, असा विभागाचा आग्रह आहे. का, तर त्याला माझं नाव आहे! म्हणून आज विभागात जाऊन ती काचपट्टी पुन्हा मायक्रोस्कोपखाली लावली.

काय दिसलं, सांगू? तेव्हा दिसलं होतं तेच. लाव्हाच्या थरांमधल्या दगडातून काढलेले बाकीचे कण तपकिरी, चेपलेले. हा एकटाच टच्च फुगलेला, काटेरी, रंग दिल्यावर गुलाबी झालेला.

मॅडम, ते गाजरगवत होतं हो. आजचं, ताजं, आपल्याच खिडकीखालचं. मे महिन्यात तुम्हाला उकाडा सोसवेना, म्हणून नमुना उघडा असताना तुम्ही कूलर लावलात. त्याच्या गळक्या पाण्यावर खिडकीबाहेर गाजरगवत भर उन्हाळ्यात फुललं होतं. नमुना उघडा असेल तर पंखासुद्धा बंद, असं पोरांना तुम्हीच बजावायच्या ना?

मी खालचं फूल आणून त्याच्या कणांची दुसरी काचपट्टी शेजारी लावून दाखवली. तुम्ही बराच वेळ पाहिलंत. डोळा वर केलात तेव्हा तुम्हाला कळलेलं होतं, हे मला दिसलं. मग फक्त रागात यायची ती तुमची भिवापूरची बोली बाहेर आली.

"चूप राय वं. कणाले तुह्यंच नाव देऊन राहिली मी. अजून काय पायजे तुले?"

लाच, आणि तीही माझ्याच नावाची! मी नको म्हटलं, तर दुसऱ्या दिवसापासून मला लॅबचं दार बंद. नाव मात्र छापलंत. आज मी हुडकेश्वरच्या कॉलेजात अकरावीला पेशी शिकवते आणि आई आमच्या नंदनवन वस्तीभर सांगत फिरते, की जगातल्या सगळ्यात जुन्या फुलाला माझ्या पोरीचं नाव आहे.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मला नाही जमत. मला तुमचा राग येतो, आणि भांडण अर्धं टाकून गेलात याचा तर फार येतो. कणाकडे कसं पाहायचं ते तुम्ही शिकवलंत, तेवढंच ऋण मानते.

रविवारी दोन्ही काचपट्ट्या तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर मांडीन आणि एकेकाला पाहायला लावीन. मग नियतकालिकाला पत्र लिहून ते नाव रद्द करायला सांगेन. शब्द देते.

त्याआधी आज घरी जाऊन आईला सांगायचं आहे. ते काम तुमचं होतं, मॅडम.

तुमचीच विद्यार्थिनी, नाइलाजाने,
मंजूषा