एका विशेषणाची दोन कुळं

प्रिय श्रीधर,

काल तुझ्या शोकसभेत मी अर्धा तास बोललो. लोकांचे डोळे भरले. पण जे बोलायला हवं होतं ते गिळलं, म्हणून हे पत्र.

मुलुंडच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं आणि घरी खाटेवर जर्मन कोश पसरून शब्दांची मुळं शोधायची, हे तुझं वेड! महिनाभर तू ‘वॉर्म’ या विशेषणामागे होतास. इंग्रज-जर्मनांच्या पूर्वजांची भाषा कुणी लिहून ठेवली नाही. पुढच्या भाषांवरून तिचे शब्द अंदाजाने बांधायचे आणि अंदाज आहे हे कळावं म्हणून शब्दाच्या आधी छोटा तारा काढायचा. किती जपून काढायचास रे तो!

‘*वर्मझ’ असा शब्द असावा, म्हणालास. तो आपल्या ‘घर्म’चा, म्हणजे घामाचा भाऊ असेल, नाहीतर जाळण्या-उकळण्याच्या अर्थाच्या दुसऱ्याच धातूचा. “दोन मतं आहेत, दत्ता. मला ठरवता येत नाही.”

मी ठरवून टाकलं! वाचनालयाच्या व्याख्यानमालेत गरजलो, “साहेबाची ऊब आमच्या घामातून निघाली आहे!” टाळ्या थांबेनात.

तू तिसऱ्या रांगेतून उठलास. “दत्ता, ते सिद्ध नाही. कदाचित म्हण ना.”

“साहेब जाऊन दहा वर्षं झाली, तरी आमचे कदाचित-मास्तर अजून त्याला घाबरतात!”

केवढा हशा पिकला! दुसऱ्या दिवशी तुझ्या वर्गातल्या फळ्यावर तेच नाव. पुढे भाजीवालासुद्धा म्हणायला लागला, “या, कदाचित-मास्तर!”

आणि मला माहीत होतं, श्रीधर. दुसरं मत तू मला करून दिलेल्या टिपणात होतं, तुझ्याच अक्षरात. त्यावर टाळ्या पडल्या नसत्या, म्हणून मी ते खोडलं.

तू वाचनालयात यायचं सोडलंस. तुझं घर पाच मिनिटांवर, तरी मी आलो नाही. तू तरी का भांडला नाहीस? दोन शिव्या हासडायच्या होत्यास!

काल सभेनंतर वहिनींनी विचारलं, “भावोजी, ह्यांना मुलं ‘कदाचित-मास्तर’ म्हणून का चिडवायची हो? घरात कधी बोललेच नाहीत.” शेकडो सभा गाजवलेला मी, चपला पायात सरकवून निघालो.

रविवारी वाचनालयाच्या त्याच व्यासपीठावर माझं भाषण आहे. तिथे खोडलेलं मत वाचीन आणि ते का खोडलं तेही सांगेन. पण आधी उद्या सकाळी वहिनींकडे जाईन. त्यांनी दारातूनच परत पाठवलं, तरी उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगेन, ते नाव मी ठेवलं.

तुझा,
दत्ता