रेल्वेच्या फाटकापर्यंत

६ जानेवारी १९३७
माझ्यासारखीने स्वतःविषयी वही भरावी हे धारिष्ट्यच. त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. महिन्याने ही वही शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या हाती जायची आहे. औरंगाबादच्या अध्यापिकावर्गासाठी प्रकृतीचा दाखला लागतो. बाई म्हणाल्या, "पहिली आलीस म्हणून खोटा दाखला देणार नाही. रोज लिही. डॉक्टरीणबाई वाचतील, मग ठरवू." लिहायचे ते असे: शौचाच्या वेळा (शौ.), आहार (आ.), चालणे (चा.) आणि मन.
शौ. ६, रक्त थोडे. आ. ताक, मऊ भात. चा. नाही. मन

७ जाने.
शौ. ७. 'मन' पुढे काय लिहितात?
संग्रहणीचे हे तिसरे वर्ष. वैद्यबुवांनी हालचाल वर्ज्य सांगितली, तेव्हापासून आईने जाते, घागर, केरसुणी सारे माझ्या हातून काढून घेतले. मायेनेच. दुपारी रडले. कारण नव्हते.

९ जाने.
बाई घरी आल्या. रोज सकाळी रेल्वेच्या फाटकापर्यंत चालून यावे, म्हणाल्या. आई म्हणाली, "अन् वाटंत लागलं मंग? भर रस्त्यावर पोरीनं बसावं कुठं?"
उजाडण्यापूर्वी जावे, असे बाईंनी सुचविले.
शौ. ६.

१२ जाने.
उजाडण्यापूर्वी निघाले. अर्ध्या वाटेवरून धावत परतले. पोट दुखत नव्हते. दुखेल असे वाटले. परवाही असेच.
शौ. ५. घरी येऊन पुन्हा रडले.

१५ जाने.
वाटेत चंपाकाकी भेटल्या. मारवाडी गल्लीतल्या, वृद्ध. पहाटे देवदर्शनाला जातात. "काय गं पोरी, रोज इथपर्यंत येती अन् पळती? कुत्रं मागं लागलं का?"
खाली मान घालून सांगितले. कसे सांगितले, मलाच नवल वाटते.
"बस, इतकंच? आमच्या मागच्या अंगणात संडास हाय. कडी काढून ठेवत जाईन. पूछने की जरूरत नहीं."

१८ जाने.
फाटक गाठले! जाताना काकींच्या अंगणाची कडी काढलेली दिसली. गरज पडली नाही. रुळांवर कापसाच्या गाठींची गाडी उभी होती. डबे मोजले, अठ्ठावीस.
शौ. ४. मन: आज लिहिता येईल, परंतु धीर होत नाही.

२४ जाने.
रोज जाते आहे. दोनदा कडी उपयोगी पडली. काकी सोबत असतात. "जल्दी चल, माझ्या गुडघ्यांना तरी लाज वाटू दे."
शौ. ३. आ. भाकरीचा पापुद्रा, तिळगुळाचा एक खडा (आईस न सांगता). मन: बरे. अगदी बरे.

२९ जाने.
शौ. २.

३० जाने.
शौ. २.

३१ जाने.
शौ. २.

२ फेब्रुवारी
आईने रक्त पाहिले. "चालून चालून आतडं सोलून घेतलंस!" चालणे बंद.
वहीत मी 'दोन' लिहिते आहे, हे दादाने ओळखले. रागावला नाही. "दोनच ऱ्हाऊ दे. दाखला हाती आला की गेलीस तू. म्होरचं म्होरं पाहू."
दुपारी आई पाणी घेऊन आली, तेव्हा झोपेचे सोंग घेतले. तिच्याशी बोलण्याजोगे एकही वाक्य सापडेना. ती गेल्यावर रडले.

४ फेब्रु.
सकाळी चंपाकाकी दारात. आईला म्हणाल्या, "कडी रोज उघडी हाय. काल मांजर शिरलं आत, पोरगी न्हाई. बिमार असली तरी पाठव. सावकाश चालंल. फाटक काय पळून चाललंय का?"
 आई पदर खोचून म्हणाली, "मी येते संगं."
डोक्यावर घागर नाही, हातात काही नाही, असे आईला रस्त्याने चालताना मी प्रथमच पाहिले. अर्ध्या वाटेवर मला लागले. काकींच्या अंगणात गेले. आई बाहेर थांबली. आले तेव्हा घरी चल म्हणेल असे वाटले. तिने विचारले, "अजून किती लांब हाय गं ते फाटक?"
पोहोचलो. कापसाची गाडी निघून गेली होती.
शौ. ६, रक्त.

५ फेब्रु.
२९, ३० व ३१ चे आकडे खोटे आहेत. खरे: ६, ८, ७, तिन्ही दिवस रक्त. खोडलेले नाहीत, खरे येथे लिहिले आहेत. दोन्ही वाचता यावेत.
काल रात्री वही उलटून पाहिली. चालले म्हणून पोट बरे राहिले, असे मला म्हणता येत नाही. परंतु रडल्याची नोंद फाटक गाठल्याच्या एकाही दिवशी नाही.
दाखला द्यावा की न द्यावा, हे आपण ठरवावे. देणार असाल, तर एवढे मात्र विचारून कळवावे: तेथील वसतिगृहात संडास खोलीपासून किती पावलांवर आहे, आणि त्याला दिवसा कुलूप असते काय?

दादाच्या हाती वही बाईंकडे पाठवीत आहे. ५ फेब्रुवारी १९३७, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे.