आवरलेल्या खोलीचा घोटाळा

ती. मामींना,

वाकून नमस्कार, आणि गुडघ्यांना वेगळा. तेलाचा उपयोग झाला का? (नसेल तर मला बोल लावू नका, ते मामांनी सुचवलं होतं.) आम्ही इकडे मजेत, म्हणजे नोकरी अजून आहे.

मी ऑफिसात नेमकं करतो काय, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. तर आमचं यंत्र बिनतारी संदेश पाठवतं, अगदी बारीक टिचक्यांनी. या टिचक्या इतक्या अशक्त, की दोन खोल्या ओलांडताना दम तोडतात, आणि जोर वाढवायला कायद्याने बंदी. मग आम्ही युक्ती काढली. पलीकडच्या टोकाने आधी एक टिचकी मारायची. ती कपाटावर, नळावर, पंख्यावर आपटत तुकड्यातुकड्याने आमच्याकडे येते. कुठला तुकडा कधी आला हे यंत्र लक्षात ठेवतं आणि सगळं उलट्या क्रमाने परत सोडतं, शेवटी आलेला सर्वांत आधी. लांब राहणाऱ्या नातेवाइकाला आधी निघायला सांगावं म्हणजे सगळे एकदम दारात हजर होतात, तसं. एकेकट्या तुकड्याला कोणी विचारत नाही, पण सगळे एकाच वेळी पोचले की संदेश पार इमारतीच्या टोकापर्यंत जातो. थोडक्यात, पसारा जितका जास्त तितकं आमचं बरं.

परवा पाहुणे आले, आमचा प्रकल्प चालू ठेवायचा की गुंडाळायचा हे ठरवायला. सकाळी यंत्राने खोली ऐकून घेतली, सगळं झकास. मग आम्ही पाहुण्यांना जेवायला नेलं. तेवढ्यात शिपाईकाकांनी (भला माणूस, पण भलेपणाला वेळकाळ नाही) चारचौघांत आमची लाज जाऊ नये म्हणून लोखंडी कपाटं, मोडक्या खुर्च्या, जुने पंखे, सगळं बाहेर काढून फरशी पुसून घेतली. खोली लख्ख आणि यंत्र मुकं. पुन्हा ऐकवून पाहिलं, तर टिचकीला आपटायलाच काही नाही. आमच्या प्रकल्पप्रमुख मॅडमचा चेहरा बघून मला रडूच यायचं बाकी होतं. इतक्या वर्षांचा खटाटोप एका फडक्याने पुसला गेला होता. शेवटी मी पाहुण्यांच्याच हातात पत्र्याचे ट्रे दिले आणि, हलायचं नाही अशी तंबी देऊन, त्यांना खोलीभर उभं केलं. यंत्राने पुन्हा ऐकलं, आणि मामी, संदेश तिसरी भिंत ओलांडून गेला. तेवढ्यात पाहुण्यांतल्या मोठ्या साहेबांना शिंक आली आणि सगळं बिनसलं. पण ते हसले. म्हणाले, आणखी एक संधी देतो, खरोखर भरलेल्या, मोठ्या जागेत करून दाखवा. तेव्हापासून मला नीट झोप लागतेय.

तुमचा लाडका भाचा (हे मीच ठरवलंय)

ता. क. मामांचं भंगाराचं गोदाम तुम्ही या रविवारी रिकामं करून घेणार आहात, असं आईकडून कळलं. आजवर या बाबतीत मी कायम तुमच्या बाजूने बोललो. पण चाचणी मंगळवारी आहे, आणि इतका देखणा पसारा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. हात जोडतो, तोवर एक खिळाही हलवू नका. माझी नोकरी आता तुमच्या हातात आहे.

आणखी एक ता. क. मामांना यातला चकार शब्दही सांगू नका. पसाऱ्याचा उपयोग असतो हे त्यांना कळलं, तर गोदाम या जन्मी रिकामं व्हायचं नाही. चाचणी झाली की मी स्वतः येऊन आवरून देईन, शब्द देतो.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं आणि मामा आले. पत्र त्यांनी दोनदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने. आता त्याची प्रत काढून आणायला गेलेत, गोदामाच्या दारावर लावायला.