रोलरवरची सावली

कर्वेनगर, पुणे
१९ जानेवारी २०२६

प्रिय दादा,

नमस्कार. पत्र घरी न येता शाळेत आलं म्हणून दचकू नकोस. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत जाऊन बस आणि एकटाच वाच. का, ते पुढे येईलच.

चार दिवस म्हणून आलेली वहिनी इथे रमली आहे. माझ्या सोसायटीतल्या ज्या बायका इतक्या वर्षांत मला ‘गाडी नीट लावा’ याखेरीज काही बोलल्या नाहीत, त्या तिच्याकडून दाळभाजी शिकायला येतात. पुण्याच्या भाजीला चव नाही, असं ती भाजीवाल्याला तोंडावर सांगते. तो वर कोथिंबीर देतो. प्रियदर्शनीचा अभ्यास कसा चालला आहे? बारावी तोंडावर आली, जागरणं करू देऊ नकोस.

यंदा थंडी कोरडी आहे. स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. तू वर्गात कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवायचास ना, त्याच भानगडीवर आता माझं पोट चालतं. हिवाळा आला की प्रिंटरच्या तक्रारी वाढतात.

तुला विज्ञान शिकवणं म्हणजे आगाऊपणा, तरी सांगते. मी दुरुस्त करते त्या लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते, टोनरची कोरडी पूड असते. ती विजेच्या भाराने कागदावर बसते आणि तापलेल्या रोलरखालून जाताना वितळून चिकटते. कागद घासून घासून त्या रोलरवरही भार साठतो. कोरड्या हवेत त्याला निघून जायला वाट मिळाली नाही, की रोलर कागदावरची थोडी पूड स्वतःकडे ओढतो आणि पुढच्या फेरीला खाली कुठेतरी टाकून देतो. वरच्या चित्राची फिकट सावली खाली उमटते. गिऱ्हाईक नवा टोनर घालतं, सावली तशीच राहते, आणि मग माझ्या नावाने ओरड सुरू होते.

कोथरूडमधल्या एका तपासणी केंद्राची अशीच तक्रार आली होती. तिथे एक्स-रेची चित्रं गुळगुळीत कागदावर छापून देतात. बरगड्यांच्या सावल्या पार पोटापर्यंत उतरलेल्या. तिथे काम करणारा इम्तियाज माझ्या चांगल्या ओळखीचा, म्हणून वहिनीच्या खोकल्यासाठी तिला तिथेच नेलं. हो, तोच खोकला. दिवाळीपासूनचा, जो तुला फोनवर ‘आता बरा आहे’ म्हणून सांगितला जातो.

तिच्याही कागदावर सावल्या होत्या. सगळ्यांच्याच होत्या. त्यातली एक उजव्या बाजूला, गोल. डॉक्टरांचा लेखी रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. इम्तियाज म्हणाला, “मॅडम, स्क्रीनवर बघून घ्या ना एकदा. तिथे रोलर नसतो.” मी म्हटलं, “आधी मशीन बघते.” वहिनीला रिक्षाने घरी पाठवलं आणि मी प्रिंटर उघडला.

दादा, इतकं मन लावून मी कधी काम केलं नसेल. प्लग पाहिला, तर तीन पिनांमधली जाडी पिन कुणीतरी कापून टाकलेली, का तर एक्स्टेंशन बोर्डाला तिचं भोक नव्हतं. अर्थिंगच नाही तर भार जाणार कुठे? मला इतका आनंद झाला की इम्तियाज बघतच राहिला. नवा प्लग लावून थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडला. रोलरच्या दांड्याला टेकणारी पट्टी काजळली होती, ती घासली. कागद बाहेर येतो तिथला बारीक तारांचा ब्रश झिजला होता, तो बदलला. रोलर गार होऊ देऊन पुसला. हवेत ओल यावी म्हणून पाण्याचं पातेलंसुद्धा ठेवलं. मग वहिनीचा एक्स-रे पुन्हा छापायला सांगितला.

कागद स्वच्छ आला. बरगड्या जिथल्या तिथे. सगळ्या सावल्या गेल्या होत्या. उजवीकडची गोल तेवढी राहिली होती, आणि आधीपेक्षा नीट दिसत होती.

मी पुन्हा छापायला लावलं. मग पुन्हा सांगितलं, तेव्हा इम्तियाजने कीबोर्डवरून हात काढून घेतला. “मॅडम, मशीन आता बरोबर आहे,” एवढंच म्हणाला. मला त्याचा राग आला. मशीनचा त्याहून जास्त आला.

पुढचं भरभर लिहिते, नाहीतर पुन्हा प्लगकडे वळेन. स्कॅन झाला, सुईने तुकडा काढून तपासला. शुक्रवारी रिपोर्ट आला. फुप्फुसाचा कॅन्सर आहे. उपचार लगेच सुरू केले तर आशा आहे, असं डॉक्टर म्हणतात. थांबलो तर ते काही सांगू शकत नाहीत.

आणि वहिनी थांबायचं म्हणते. “माही पोरगी पेपर लिहीन का माह्याकडे पाहीन? पेपर होऊ दे, मंग पाहू. तंवर तुह्या दादाले काही सांगायचं नाही. माही शपथ हाय तुले.”

मी सगळं करून पाहिलं. समजावलं, भांडले, रडले. डॉक्टरांना तिच्यासमोर स्पष्ट बोलायला लावलं, तर तिने त्यांनाच बारावीचं वेळापत्रक सांगितलं. रोज संध्याकाळी ती माझ्यासमोर बसून तुझ्याशी फोनवर हसते, प्रियदर्शनीला बदाम भिजवून खायला सांगते, आणि मी उठून स्वयंपाकघरात जाते. शाळेच्या वेळेत तुला मी फोन लावला होता, आठवतं? हवापाण्याचं विचारून ठेवून दिला.

आई गेल्यावर माझ्या वेण्या हिनेच घातल्या. मुलीच्या जातीला मशीनचं शिक्षण कशाला, म्हणणाऱ्या अख्ख्या घराशी हिनेच भांडण घेतलं. आणि मला तिला उपचारांसाठी एका दवाखान्यापर्यंत नेता येत नाही. मला फार भीती वाटते, दादा.

म्हणून लिहिलं. प्रियदर्शनीला काय सांगायचं ते तू ठरव, मला सुचत नाही. पण फोन करू नकोस. तुझ्या आवाजावरून वहिनीला कळेल आणि ती तुलाही शपथ घालेल. आर्वीहून पुलगाव स्टेशन गाठ, मिळेल त्या गाडीत बस आणि सरळ दारात येऊन उभा राहा. ती आधी माझ्यावर तुटून पडेल. पडू दे. तू मात्र तिचं ऐकून तिला तशीच आर्वीला परत नेऊ नकोस. तुझ्याशिवाय मी जिला सांगावं असं दुसरं माणूस मला उरलेलं नाही.

तिची शपथ मोडून बसलेली
तुझी बहीण,
पूर्वा