हलकं सामान

९ फेब्रुवारी, खांदिगा

नवऱ्याने दोर देऊन टाकला! पोलादी दोर. सहा चाकी उराल ट्रक मरणाच्या दारातून ओढून आणणारा. आज सकाळी पंपावर एर्खानला दिला, फुकट! "तुला कामी येईल, पोरा," म्हणे. एर्खानने मागच्याच वर्षी गाडी घेतली, त्यालाही घेताना लाज नाही. वर मलाच सांगतो, काकू, मी नको म्हणत होतो, काकांनी गळ्यात घातला.

प्रोकोपीला विचारलं तर म्हणतो, नवा आहे ना आपल्याकडे. नवा म्हणजे तो नारिंगी! पुढच्या बंपरमधल्या विंचवर, गाडी ओढायच्या चरकावर, गुंडाळलाय. कपडे वाळत घालायच्या लायकीचा. त्याचं वेटोळं मी एका हाताने उचलते. एका हाताने उचलता येतो तो कसला दोर?

आमच्या ट्रकच्या मागच्या बंद डब्यात बटाटे आणि कांदे. बतागायला पोचवायचेत. डब्यातली शेगडी इंजिनावर चालते. इंजिन बंद, शेगडी बंद, की बटाट्यांचे दगड. बाहेर उणे सेहेचाळीस. रस्त्यात अडकलो की गाडी आपल्यालाच बाहेर काढावी लागते, हे याला मी शिकवायचं? तीस हिवाळे याच रस्त्यावर घालवलेत त्याने! आणि निघाल्या दिवसापासून सामान वाटतोय.

१० फेब्रुवारी

जॅकही गेला.

खानावळीत गेना भेटला, याचा जुना दोस्त. घोड्याच्या मांसाचं सूप पीत दोघे तासभर खिदळले. मी काचेवरचा बर्फ खरवडायला बाहेर आले, तर गेना आमचा मोठा जॅक दोन्ही हातांनी पोटाशी धरून स्वतःच्या गाडीकडे निघालेला. मी म्हटलं, हे काय? गेना म्हणाला, तुझ्या म्हाताऱ्याला विचार.

म्हाताऱ्याला विचारलं. म्हणे, छोटा आहे ना. अ‍ॅल्युमिनियमचा! भातुकलीतला! मी दिवसभर बोलले नाही. त्याला फरक पडला नाही, खिडकीबाहेर बघत शीळ घालत होता.

११ फेब्रुवारी

आजही सबंध दिवस मीच चालवली. कंबर दुखते म्हणे. शरद ऋतूपासून ही कंबर सोयीने दुखते. रस्ता वळणाचा असला, समोरून गाड्या येणार असल्या, की दुखते. लाकडं फोडताना नाही दुखत!

मी वैतागून एवढं बोलते आणि हा माझ्याकडे बघतसुद्धा नाही. बघतो ते माझ्या कानाकडे. चाळीशीतल्या बायका नवऱ्याचं लक्ष उडालं म्हणून रडतात, मी पंचावन्नाव्या वर्षी रडू की काय. कानात काय आहे एवढं? आईची जुनी चांदीची रिंग, ती तर कायमचीच आहे.

मुलगी सार्गिलाना याकुत्स्कला असते. शरदात याला दातांच्या डॉक्टरकडे दोनदा घेऊन गेली. दात होते तसेच आहेत, पडके. पण परत आल्यापासून हा असा.

१२ फेब्रुवारी

फावड्याचा दांडा कापला!! चांगला, बर्चचा, त्याच्याच बापाने केलेला. सकाळी करवत घेऊन बसला आणि वीतभर कापला. आता माझ्या छातीपर्यंत येतो. त्याला त्याने खणायचं तर गुडघ्यावर बसावं लागेल. डोकं फिरलंय.

१३ फेब्रुवारी

आधी लिहून काढते. नाहीतर सगळं त्याच्यावर निघेल.

गोठलेल्या नदीशी आलो, रस्ता बर्फावरूनच जातो. म्हणाला, सरक, नदी मी पार करणार. मी म्हटलं, कंबर? म्हणाला, नदीला कंबर लागत नाही. नदी उतरायच्या आधी तिला घास द्यायचा असतो, म्हणून त्याने काच खाली घेऊन लोणी लावलेलं धिरडं भिरकावलं, ते बाहेरच्या आरशाला चिकटलं. मी हसले. तो हसला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं, आज दिवस धड नाही.

अर्ध्यावर आलो तर समोर काळा पट्टा. खालचं पाणी फुटून बर्फावर पसरलेलं, वर पापुद्रा धरलेला, आणि त्यातून वाफा निघतायत. डावीकडून फिरून जायला तळहातासारखा स्पष्ट रस्ता होता, सगळे तिकडूनच गेलेले. आणि हा सरळ! मी ओरडले, पाणी, पाणी! त्याने ब्रेक मारला तोवर पापुद्रा फुटला आणि पुढची चाकं खाली गेली. आत खालचा बर्फ लागला म्हणून वाचलो. पाणी आसाच्या वर.

मी म्हटलं, "आंधळा आहेस का तू?"

 इंजिन बंद करू नकोस, एवढंच तो म्हणाला, आणि पहार घेऊन खाली उतरला.

अशा थंडीत चाकांभोवतीचं पाणी बघता बघता गोठतं. एकदा चाकं धरली की गाडी वसंतापर्यंत तिथेच. म्हणून तो चाकांभोवतीचा बर्फ फोडत राहिला, थांबेना. आणि बाकी सगळं मी! एर्खान एक दिवस पुढे निघून गेलेला, त्याच्या गाडीत आमचा दोर. मागून कोणी कधी येईल, नेम नाही. विंचचा दोर काठावरच्या झाडांपर्यंत पोचत नाही. मग दोर अडकवायला मेख पुरायची, बर्फातच. गाडीच्या पुढे, कोरड्या बर्फात. त्याने कितीदा केलंय हे, मी नुसती चहा घेऊन उभी राहायचे.

काठावरून लार्चचं एक खोड कापून ओढत आणलं, बारीकच. बर्फात आडवा चर खणला. तो पाण्यातूनच सांगत होता, गाडीकडची भिंत उभी ठेव, तिरकी ठेवलीस तर मेख निसटेल. दोर यायला मधे उतरती खाच काढ. मी ओरडले, इकडे येऊन तू काढ ना! तो आला नाही. म्हणाला, तू काढ, तुझी चुकत नाही. मला शेंडी लावतोय! पण दांडा कापलेलं फावडं, मेलं, हातात बरोबर बसलं. कमरेला ओढ नाही बसली, एवढं कबूल करते.

खोडाला पट्टा गुंडाळला, चरात उतरवलं, ओला बर्फ ठासून भरला आणि वर पाणी ओतत राहिले. बादलीमागून बादली. मग वाट बघायची. पाणी पांढरं होतं, मग निळसर, मग लाथ मारली की खणखण वाजतं. तेवढ्यात मी नारिंगी दोर ओढत नेला. पोलादी असता तर मला एकटीला एवढ्या लांब ओढता आला नसता, हा विचार आला आणि मी तो झटकून टाकला, कारण मी रागावलेली होते.

दोर अडकवायचा फास त्याच्या हातात होता. मी हात पुढे केला. "दे." त्याने माझ्या हाताच्या बाजूला हवेत धरला. मी म्हटलं, इकडे! तेव्हा माझी बाही चाचपत चाचपत हातापर्यंत आला. थंडीने बोटं बधिर झाली असतील, असं मला वाटलं.

विंच मीच फिरवलं. दोरावर त्याने स्वतःचा जाड कोट टाकला, तुटला तर फटका बसू नये म्हणून, आणि नुसत्या स्वेटरमध्ये उभा राहिला. दोर ताणला, ताणला, कुईकुई करायला लागला. मेख हलली नाही. गाडी हळूहळू बर्फाच्या कडेवर चढली आणि बाहेर आली. शेगडी चालू. बटाटे वाचले.

मी रडत होते, रागाने. म्हटलं, आता किल्ल्या माझ्याकडे, बतागायपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. वाटलं, भांडेल. त्याने मुकाट्याने किल्ल्या काढून दिल्या. याचाच आणखी राग आला.

१४ फेब्रुवारी

रस्ता बरा. मी चालवतेय, तो शेजारी. धिरडं अजून आरशाला गोठून चिकटलेलं.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. फुटलेल्या पाण्यावरची वाफ लांबून दिसत होती. आंधळ्यालाही.

१५ फेब्रुवारी, बतागाय

बटाटे उतरवले. चहा ओतला आणि सरळ विचारलं, दातांना काय झालंय?

"दातांचं नव्हतं ते, म्हातारे, डोळ्यांचं. मधलं काही दिसत नाही मला. कडेकडेचं तेवढं दिसतं. नदी शेवटची एकदा करून बघावी म्हटलं."

दोर, जॅक, दांडा? "जड होतं ते. तुला एकटीला उचलवलं नसतं."

मग माझ्याकडे वळला आणि बघायला लागला. कानाकडे. चहा गार झाला. त्याचं बघून होईपर्यंत मी हलले नाही.