एक्कावन्न मिनिटांची चटणी

३ ऑगस्ट, कोइंबतूर
आजपासून नियमित रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी.
कारखान्याचे मालक पोन्नुसामी यांनी इडलीचं पीठ वाटायच्या नव्या ग्राइंडरचं प्रोग्रॅमिंग माझ्यावर सोपवलं. मिनिटांचा आकडा दाबायचा, दगड तेवढा वेळ फिरून आपोआप थांबणार. म्हणाले, कदिरा, जमलं तर तू विभागप्रमुख, नाही तर सर्व्हिसला जा, घरोघर दगड बदलत फिर. मी हसलो. ते हसले नाहीत.

५ ऑगस्ट
प्रोग्रॅम तयार. मिनिटं ठेवायला मेमरीतला सगळ्यात छोटा डबा घेतला, एका बाइटचा. शेजारच्या टेबलावरची कयल म्हणाली, अण्णा, छोट्या डब्यात थेट आकडा वाचला की गडबड होते, मोठ्यात वाचून मग त्यात उतरवा. म्हटलं, वाटीभर ताकाला रांजण कशाला?
बंद करायचं बटणही काढलं. आपोआप थांबणाऱ्या यंत्राला बटण म्हणजे अपमान.

८ ऑगस्ट
यंत्र घरी आणलं. बायकोने, पूंगोडीने, तांदूळ-उडीद घातले, मी ३० दाबलं. एक्कावन्न मिनिटं चाललं. आधी दचकलो. मग उलगडा झाला, उडीद जुने होते, ते यंत्राला कळलं. असं काही लिहिल्याचं आठवत नाही, पण हात बसला की होतं असं.

९ ऑगस्ट, सकाळ
इडल्या कापसासारख्या. सहा खाल्ल्या. बायकोला विचारलं, कशा झाल्यात? म्हणाली, खा गुपचूप. कौतुक करायला लाजते.

१३ ऑगस्ट
काल २५ दाबलं, पन्नास मिनिटं चाललं. आज इडल्या पुन्हा झकास. मालकांना सांगितलं, यंत्र स्वतः विचार करतं. त्यांनी खोक्यावर छापायला टाकलं, ‘विचारी ग्राइंडर’.

१४ ऑगस्ट
कयलने मुद्दाम १ दाबलं, एकोणपन्नास मिनिटं चाललं. अण्णा, एकदा बघून घ्या म्हणाली. परका हात लागला की यंत्र बुजतं. उद्यापासून सकाळी फिरायला जाणार.

२१ ऑगस्ट, पोल्लाची
फिरायला गेलो नाही, पाय दुखतोय.
आज लग्नाच्या मुदपाकखान्यात परीक्षा. आचारी मरुदाचलम यांना पटलं तर मोठी ऑर्डर. त्यांनी खोबऱ्याच्या चटणीसाठी ३ दाबलं. थोड्या वेळाने म्हणाले, पुरे, थांबव. म्हटलं, त्याला विचार करू द्या. ते वायर उपटायला आले, मी प्लगसमोर उभा राहिलो. विश्वास म्हणून काही असतो. एक्कावन्न मिनिटांनी थांबलं. खाली गरम गोळा, वर तेल. पहिली पंगत कोरड्या इडलीवर उठली. मरुदाचलम म्हणाले, पुढच्या वेळी डोक्याला तेल लावायचं असलं की बोलावतो हो तुम्हाला.
नारळ फार ताजे होते.

२२ ऑगस्ट
कयलने प्रोग्रॅम उघडला. तो छोटा डबा म्हणे अक्षरांचा. यंत्र दाबलेल्यातला पहिला आकडा अक्षर म्हणून उचलतं, पुढचं सोडून देतं. आणि संगणकाच्या दप्तरी ‘३’ या अक्षराचा क्रमांक एक्कावन्न, ‘२’चा पन्नास, ‘१’चा एकोणपन्नास. म्हणजे काहीही दाबा, गाडी पन्नासच्या आसपासच. तिने मोठ्या डब्यात वाचून छोट्यात उतरवलं. ३ दाबलं, तीन मिनिटं. मस्त विचारी यंत्र होतं, सांगकाम्या करून टाकलं.
विभागप्रमुख कयल. मी सर्व्हिसला.

२४ ऑगस्ट
पूंगोडीला सगळं सांगितलं. म्हटलं, पण इडल्या तर झकास झाल्या होत्या ना? मग म्हणाली, अहो, दोन्ही वेळा पीठ तापून बिघडलं होतं, शेजारच्या म्हशीला घातलं. इडल्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पिठाच्या. म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, इतके खुशीत होता, सांगवेना.
वाईट वाटलं. कशाचं, ते नीट कळलं नाही.

२५ ऑगस्ट
सर्व्हिसचा पहिला दिवस. पहिली तक्रार कोपऱ्यावरच्या पीठवाल्या बाईंची, दगड झिजलाय. जुनाच ग्राइंडर, चालू-बंदचं एक बटण. दगड बदलून दिला. बाई म्हणाल्या, बरं झालं आलात, तुमच्या मिसेसनी दोन किलो सांगून ठेवलंय, जाता जाता घेऊनच जा.